दोन रंगांचे एप्रन

बस आली की अण्णा आधी टॉवेल फेकायचे. उदगीरच्या लाल गाडीच्या खिडकीतून टॉवेल आत गेला की तसेच पळत जाऊन बीदरच्या गाडीच्या खिडकीतून टोपी. दोन्हीकडं जागा धरून झाली की दोन गाड्यांच्या मधोमध उभं राहून निवांत बिडी ओढायचे. जी आधी हलेल तिच्यात चढायचं. दोरा, बटणं, अस्तराचं कापड दोन्ही गावांत मिळतं, मग कुठं का जाईना!

एकदा असंच झालं. उदगीरच्या गाडीत त्यांचा टॉवेल बसून गेला आणि मी उभी. अण्णा स्वतः बीदरच्या गाडीत. दुसऱ्या दिवशी मी रस्ता ओलांडून त्यांच्या दुकानात गेले आणि सुनावलं, "अहो अण्णा, माणसानं एक गाडी धरावी की! तुमच्या टॉवेलाचं तिकीट काढता का?"

"दोन्हीकडं असू द्यावं, बाई," ते शांतपणे म्हणाले. "कोणची फसंल काय सांगावं?"

पुढं एकदा दोन्ही गाड्या एकदमच सुटल्या. अण्णा बिडी टाकून आधी इकडं पळाले, मग तिकडं पळाले. टोपी बीदरला गेली, टॉवेल उदगीरला गेला आणि अण्णा संतपूरच्या स्टँडवर. परतीच्या फेरीला कंडक्टरांनी दोन्ही वस्तू आणून दिल्या, तर हा माणूस उलटा खूश. "बघा, हारपलं का काही?" आता अशा माणसाशी काय बोलायचं!

संतपूरच्या मराठी शाळेत मी मास्तरीण होते. माझी खोली आणि अण्णांचं शिलाईचं दुकान समोरासमोर, दुकानामागं त्यांचं घर. माझे यजमान हैदराबादला नोकरीला, त्यामुळं देव माझ्याकडं आणि नवरा तिकडं अशी आमची वाटणी होती. शाळा सुटली की मी चहाचा कप घेऊन पायरीवर बसायची. समोर मशीन चालू असायचं. अशा वेळी माणूस आपोआप दुसऱ्याचा संसार बघायला लागतो. तुम्हीही बघत असाल, उगाच नाही म्हणू नका.

आता अण्णा नाहीत. दुकानात मोबाइल विकतात. तिकडून जाताना मी अजूनही पाय जरा हळू टाकते.

आमचा भाग सीमेवरचा, बोली मराठी आणि राज्य कर्नाटक. आम्हाला महाराष्ट्रात घाला म्हणून सह्या गोळा करणारी मंडळी यायची. आली की अण्णा सही करायचे. आम्ही आहोत तिथंच बरे म्हणून सह्या गोळा करणारी दुसरी मंडळी यायची. त्यांच्याही कागदावर अण्णांची सही. हे कळल्यावर पहिली मंडळी भांडायला आली. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं, त्यातल्या एकाचं लोंबणारं बटण पक्कं करून दिलं आणि म्हणाले, "कुणाचं बी राज्य आलं तर सदरा लागंलच की."

कपड्यातही तेच. शिवणीच्या आत जास्तीचं कापड सोडतात, शिंपी त्याला माया म्हणतात. बाकीचे बोटभर सोडतील, अण्णा दोन बोटं सोडायचे. गिऱ्हाईक जाड झालं तर? पोर वाढलं तर? माझे ब्लाउज आतून इतके जाड व्हायचे की उन्हाळ्यात जीव नकोसा व्हायचा. "मी काय आता वाढणार आहे का, अण्णा?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं. "असू द्यावं, बाई."

त्यांना एकच मुलगी, सुजाता. माझ्याच हाताखाली शिकली. चौथीत असताना बापाच्या कापणीत लुडबुड करायची. "अप्पा, ह्यो तुकडा उलटा ठिवा, बाही बसती." आणि खरंच बसायची. आम्ही शाळेत भूमिती शिकवायला लागलो तोवर तिची घरी शिकून झाली होती. एकदा मी मुलांना सहलीला मांजरा नदीवर नेलं, तर ही पुलाखाली मान वर करून उभी. सगळी पोरं पाण्यात आणि हिचं आपलं, "बाई, मधी टेकू न्हाई, मग हे खाली कामून पडंना?"

"ते इंजिनीअरला विचार बाई, मला काय ठाऊक," मी म्हणाले.

"मग मीच हुईन की इंजिनीअर," असं म्हणून ती पाण्यात गेली. पोरं असं काहीही बोलतात. ही विसरली नाही.

दहावीनंतर बीदरला सायन्स घेतलं. सगळं इंग्रजीत. पहिले महिने दर शनिवारी यायची आणि माझ्या खोलीत बसून रडायची, कारण घरी रडली तर आई जेवायची नाही. मग हळूहळू रडणं थांबलं. बारावीच्या परीक्षेत असे गुण आणले, की अण्णांनी दुकान बंद करून गावभर पेढे वाटले आणि काही घरांत ते पेढे बाहेरच्या बाहेर ठेवून घेतले गेले, हेही मी पाहिलं. अण्णांचे वडील बौद्ध झालेले. अण्णांच्या हातचे कपडे अंगावर चालायचे, पेढा तोंडात चालायचा नाही. असो.

मग सुरू झाला इंजिनीअरिंगच्या कॉलेजाचा शोध. गुलबर्गा की औरंगाबाद? गुलबर्गा आपल्या राज्यातलं. औरंगाबादला आपली भाषा, आपली माणसं. दोन्हीकडं अर्ज टाकायचे हे तर सांगायलाच नको. पण जायचं कुठं, हे ठरवण्याची अण्णांची रीत काय असेल? माप घ्यायला आलेला एकही शिकलेला माणूस त्यांनी सोडला नाही. गळ्याभोवती टेप असल्यावर माणूस पळून तरी कुठं जाणार!

बँकेचे नवे साहेब सदरा शिवायला आले. "मान वर करा, साहेब. तुमचं शिक्षण कुठलं?"

"धारवाड."

"पाणी कसं हाय तिथलं? आन पोरींचं हॉस्टेल गेटाच्या आत असतंय का भाईर?"

"अहो, आधी तो टेप सैल करा!"

एक ओव्हरसीयर होते, औरंगाबादला शिकून गुलबर्ग्याला नोकरी केलेले. त्यांना तर अण्णांनी पँटच्या मापासाठी तीनदा बोलावलं. ते वैतागून म्हणाले, "फरक काही नाही हो. दोन्हीकडं शिकवतात इंग्रजीत. शिव्या तेवढ्या इकडं कानडीत देतात, तिकडं मराठीत."

"शिव्याचं काय," अण्णा गंभीरपणे म्हणाले, "आमच्या पोरीला दोन्ही कळत्यात."

पण एवढ्यावर त्यांचं समाधान नव्हतं. ते दोन्ही गावांना जाऊन आले. कॉलेजात गेलेच नाहीत. कॉलेजच्या गेटासमोर कुणी टेलर आहे का ते शोधलं आणि त्याच्या बाकड्यावर जाऊन बसले. मला म्हणाले, "आतल्या सायबाला काय इचारायचं, बाई? त्यो चांगलंच सांगणार. टेलरला खरं ठावं असतंय. फाटकं त्याच्याकडंच येतंय." गुलबर्ग्याच्या टेलरनं सांगितलं, पोरी थोड्या आहेत पण आहेत, वर्कशॉपात त्यांनाही एप्रन लागतो, खाकी. औरंगाबादच्या टेलरनं सांगितलं, इथं निळा लागतो. आणि दोघांनीही सांगितलं, की आलात तर चहाला या.

अण्णांनी दोन एप्रन शिवले. एक खाकी, एक निळा. दोन्हीच्या आत दोन दोन बोटं माया. दुकानाच्या खुंटीला शेजारी शेजारी टांगून ठेवले. कोणी विचारलं की छाती फुगवून सांगायचे, "पोरीचं हाय. विंजिनेरीचं."

मी सुजाताला विचारलं, "तुला कुठं जायचंय गं? तुला कुणी विचारलं का?"

"मला कुठलं बी चालतंय, बाई," ती म्हणाली. "मला नुसतं आत जायचंय."

आत जाणंच अवघड होतं. खुल्या जागेला तिचे गुण थोडे कमी पडले. पैसे भरून घेणारी कॉलेजं होती, ती आमच्या बोलण्यातही नव्हती. राहिली राखीव जागा. तहसीलमध्ये जातीचा दाखला मागायला अण्णा गेले, तर तिथल्या माणसानं शाळेचा दाखला उलटून पाहिला आणि परत दिला. शाळेत धर्म लिहिला होता बौद्ध. आमच्या राज्यात तेव्हा बौद्ध झालेल्यांना ती सवलत नव्हती. धर्म बदलला की सवलत संपली, असा नियम. महाराष्ट्रात बौद्धांना सवलत होती. अण्णा औरंगाबादला धावले. तिथं सांगितलं, सवलत आहे, पण इथल्या रहिवाशांना. तुम्ही कर्नाटकचे.

म्हणजे बघा. गुलबर्ग्याला पोरगी चालत होती, बौद्ध चालत नव्हती. औरंगाबादला बौद्ध चालत होती, संतपूरची चालत नव्हती. संताप येतो की नाही? मला अजून येतो.

उदगीरला अण्णांची बहीण होती. पोरगी आमच्याकडंच राहते असं सांगू म्हणाली. पण पहिलीपासूनची शाळा संतपूरची, ते कसं झाकणार? ते दारही मिटलं.

वस्तीतल्या पुष्कळ घरांनी शाळेत हिंदू लिहिलं होतं आणि घरी बुद्धवंदना चालू होती. त्यांना मी नावं ठेवणार नाही. पोट आणि पोरं सगळ्यांनाच असतात. पण जन्मभर दोन्हीकडं टॉवेल टाकणाऱ्या ह्या माणसानं तिथं मात्र एकच लिहिलं होतं. सुजाताला पहिलीत घालायला आले तेव्हा मी समोरच होते. हेडमास्तर चांगले होते, म्हणाले, "पुढं पोरीला अडचण येईल हो, जुनंच लिहू या." अण्णा टोपी हातात घेऊन उभे. "न्हाई गुरुजी. बौद्ध लिवा. दीक्षेला बाप मला संगं घेऊन गेल्ता. ह्यात दोन न्हाईत." आणि बाहेर जाऊन पोरीला गोळी घेऊन दिली.

आता त्याच माणसाची अवस्था बघवत नव्हती. औरादला तहसील, तिथून बीदर, तिथून गुलबर्गा, परत तहसील. दाढी वाढली. कपडे चुकायला लागले. एका नवरदेवाचा कोट असा आखूड झाला, की त्याच्या आईनं दुकानासमोर उभं राहून उद्धार केला, आणि अण्णा नुसते "व्हय, व्हय" म्हणत राहिले. प्रवेशाची शेवटची तारीख जवळ यायला लागली. वहिनी, म्हणजे त्यांची बायको, चिंताकी गावची, एरवी हसरी बाई, चुलीपुढं नुसती बसून असायची. सुजाता कुणाशी बोलायची नाही. दुकानात यायची, खुंटीवरचे एप्रन झटकायची, परत टांगायची.

तहसीलच्या बाहेर बसणाऱ्या एका अर्ज लिहिणाऱ्यानं वाट सांगितली. शाळेत चुकून लिहिलं गेलं, आम्ही हिंदूच आहोत, असं शपथेवर लिहून द्या. चौकशीला साहेब घरी येतील, घर बघतील, दाखला मिळेल. बाकीच्यांनीही असंच केलंय.

अण्णा तो कागद घेऊन माझ्याकडं आले. तोंडावर रक्त नव्हतं. "काय करू, बाई?"

माझा जीव पोरीसाठी तुटत होता. मी फाडकन म्हणाले, "काय करू म्हणजे? सही करा! घरात एक, कागदावर एक. जन्मभर दुसरं काय केलंत तुम्ही?"

त्यांनी कागदाची घडी उलगडली. "व्हय," म्हणाले. "ते बी खरंच हाय." आणि माझ्याच टेबलावर सही केली. एवढी सरळ शिवण घालणारा माणूस, सही वाकडी आली.

चौकशीला गिरदावरसाहेब येणार होते. तहसीलचे, घरोघरी जाऊन खातरजमा करणारे. ते येणार तर घर हिंदूचं दिसायला हवं. अण्णांच्या घरात भिंतीला बुद्धाची तसबीर. ती कुठं ठेवायची? ट्रंकेत घालायला वहिनी तयार होईनात. "कोंडून घालू का त्यास्नी?" म्हणाल्या. आणि त्या जागी देव कुठून आणायचे? मग मीच म्हणाले, माझे न्या. तुमची तसबीर माझ्या खोलीत ठेवा.

अशी आमची अदलाबदल झाली. माझ्या सासरचा भवानीचा चांदीचा टाक आणि एक खंडोबा मी पिशवीत घातला, वर मेथीची जुडी ठेवली आणि रस्ता ओलांडला. माझ्या सासूबाई वरून बघत असतील तर त्यांनी डोळे मिटून घेतले असतील. परत आले तर माझ्या देव्हाऱ्यात बुद्ध. त्यांना काय लागतं ते मला कुठं ठाऊक? मी आपलं फूल वाहिलं आणि म्हटलं, आजच्या दिवस सांभाळून घ्या, पाहुणे आहात.

साहेब आले. मी शाळेच्या बाई म्हणून हजर होते. साहेब पोक्त गृहस्थ, उन्हानं घामाघूम झालेले. मला तर ते चांगलेच वाटले, आजही वाटतात. सतरंजीवर बसले, पाणी प्यायले, इथलंच पाणी प्यायले हे मी मुद्दाम सांगते. सुजाताला दोन प्रश्न विचारले, गुण ऐकून "शाब्बास" म्हणाले. लिहायला कागद काढला. मग घर बघायचं म्हणून नजर फिरवली आणि कोपऱ्यातल्या देवांकडं पाहिलं.

मीही पाहिलं.

भवानीपुढं दोन मेणबत्त्या लावलेल्या होत्या. पांढऱ्या, जोडीनं, शेजारी उदबत्ती. समई नाही, निरंजन नाही, हळद नाही, कुंकू नाही. वहिनींनी पहाटे अंघोळ करून, धुतलेलं पांढरं लुगडं नेसून, आलेल्या देवीची जशी येत होती तशी मनोभावे पूजा केली होती. मी देव दिले, पण पूजा कशी करायची ते सांगायचं कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. कोण सांगणार? वहिनींच्या लग्नापासून त्या घरात हीच रीत होती.

साहेबांनी मेणबत्त्या बघितल्या, कुंकू नसलेला टाक बघितला. सगळं समजलं त्यांना. मग खाली कागदाकडं बघत म्हणाले, "काय अण्णा, तेल संपलेलं दिसतंय घरातलं? म्हणून मेणबत्ती लावली का?"

अहो, उत्तर त्यांनी हातात आणून ठेवलं होतं. नुसतं व्हय म्हणायचं. मी मनातल्या मनात ओरडत होते, व्हय म्हणा, अण्णा, व्हय म्हणा. सुजाता बापाच्या तोंडाकडं बघत होती. वहिनी दाराआड. त्यांना आपलं काय चुकलं ते कळलं नव्हतं, पण काहीतरी चुकलंय एवढं कळून चेहरा पार उतरला होता.

अण्णांनी एकदा बायकोकडं पाहिलं.

"न्हाई, साहेब," ते म्हणाले. "तेल हाय घरात. आमच्यात मेणबत्तीच लावतेत."

"काय म्हणालात?" साहेबांनी परत विचारलं. भला माणूस. त्यांनी परत संधी दिली.

"आमच्यात मेणबत्तीच लावतेत," अण्णा म्हणाले.

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. चहा आला होता तो पूर्ण प्यायले. उठताना सुजाताच्या डोक्यावर हात ठेवला आणि गेले.

दाखला मिळाला नाही. तारीख उलटून गेली.

साहेब येऊन गेले त्या दिवशी मी इतकी चिडले होते, की संध्याकाळी अण्णा माझे देव परत घेऊन आले तेव्हा मी त्यांना बसासुद्धा म्हटलं नाही. टाक चिंचेनं घासून लख्ख केलेला, नव्या कापडाच्या तुकड्यात गुंडाळलेला. कडा शिवलेल्या.

"का केलंत असं?" मी म्हणाले. "स्वतःच्या धर्मासाठी पोरीचं वाटोळं केलंत?"

"धर्माचं न्हाई, बाई," ते म्हणाले. "सही केली की मी. तवा कुठं धर्म आठवला? पन तिनं मनापासून लावली होती. तुमची देवी पाव्हणी म्हणून पहाटं उठून लावली. ती चूक हाय असं तिच्या म्होरं कसं म्हणू? आन तुमच्या देवीच्या म्होरं खोटं कसं बोलू? आमची असती तर एकवेळ बोललो असतो."

मी त्यांची तसबीर उतरवून त्यांच्या हातात दिली. राग गेला नव्हता. पण हात जोडले गेले. तसबिरीला की अण्णांना, ते मला सांगता येणार नाही.

सुजाता बापाला एकदाच बोलली. दुकानात, माझ्यासमोर. आवाज न चढवता. "अप्पा, सगळ्याला दोन्हीकडं ठिवलात. माझ्या वक्ताला एकच कसं काय झालं?" अण्णांनी मशीन थांबवलं. पुढचे कित्येक महिने त्या घरात बाप-लेक एकमेकांशी वहिनींमार्फत बोलत होते.

एप्रन अण्णांनीच उसवले. भर दुपारी, पायरीवर बसून, टाका टाका. खाकी कापडाच्या त्यांनी शाळेला पिशव्या शिवून दिल्या. निळ्याचं काय केलं ठाऊक नाही.

सुजाता बी.एस्सी. झाली. बरं स्थळ आलं, नांदेडकडचं, बँकेतला मुलगा. सासरी सुखात आहे. तिथं शाळेत गणित शिकवते, उत्तम शिकवते म्हणतात. सुखात आहे असं म्हटलं की लोक म्हणतात, मग काय तर! मीही तसंच म्हणते. पण पुलाखाली मान वर करून उभी राहिलेली पोरगी मी पाहिली आहे, त्यामुळं माझ्या तोंडी ते "मग काय तर" नीट बसत नाही.

ह्या सगळ्यानंतर अण्णांचं ते वाक्य बंद झालं. "दोन्हीकडं असू द्यावं" म्हणून कुणी चेष्टा केली तर ते नुसते हसायचे. स्टँडवर यायचे, जी गाडी उभी असेल तिच्यात मागं जाऊन बसायचे. जागा नसेल तर उभे राहायचे. शिलाई मात्र तशीच, आत दोन बोटं सोडून.

आणखी काही वर्षं गेली. मग दिल्लीला कायदा बदलला. बौद्धांनाही ती सवलत लागू झाली. रेडिओवर बातमी आली तेव्हा वस्तीत फटाके वाजले. मी पायरीवरच होते. समोरून अण्णा रस्ता ओलांडून येताना दिसले. केस पार पांढरे झालेले. गळ्यात टेप तसाच.

माझ्या शेजारी पायरीवर बसले. एवढ्या वर्षांत कधी बसले नव्हते, उभ्यानंच बोलायचे.

"आता बौद्ध लिवलं तरी चालतंय म्हणं, बाई."

"हो. ऐकलं मी."

"गुलबर्ग्याला बी?"

"सगळीकडंच, अण्णा."

"चांगलं झालं," ते म्हणाले. "चिंताकीचं एक पोरगं हाय, हुशार हाय. त्येला भेटंल." वस्तीत परत फटाके वाजले. अण्णा टेपचं टोक बोटाला गुंडाळत होते, सोडत होते.

"एक इचारायचं होतं," शेवटी म्हणाले. "विंजिनेरीला वयाची अट असती का हो?"

सुजाताचा मुलगा तेव्हा बालवाडीत जायला लागला होता. आदल्याच आठवड्यात त्याच्यासाठी सदरा शिवताना मी अण्णांना पाहिलं होतं.

"असते, अण्णा," मी म्हणाले.

"व्हय व्हय. असणारच की." त्यांनी मान हलवली, दोनदा, तीनदा. आणि मग तो माणूस दोन्ही हातांत तोंड घालून ढसाढसा रडला. भर रस्त्यावर. दुकानात गिऱ्हाईक उभं होतं, ते बघत राहिलं. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. कोण बघतंय, कोण काय म्हणेल, मेलं काही सुचलं नाही.

बऱ्याच वेळानं उठले. टेप गळ्यात नीट केला. दोन पावलं गेले आणि परत वळले.

"बाई, मी असं इचारलं म्हणून सुजाताला सांगू नका."

मी अजून सांगितलेलं नाही.